तिसऱ्या उताऱ्याचे दहा मार्क

१

डब्याच्या झाकणावर ठेवलेला फोन थरथरला आणि झाकण किणकिणलं.

एवढासा आवाज, पण त्या दुपारच्या शांततेत तो एखादं भांडं पडल्यासारखा वाजला. हेतूबाईंनी झेप घेऊन फोन उचलला, झाकणावर पंजा दाबला आणि श्वास रोखून पलंगाकडे पाहिलं. पाऊण तास थोपटल्यावर झोपलेली सहा वर्षांची पिटुकली नुसती कुशीवर वळली. एक पाय पांघरुणाबाहेर आला. झोप मात्र शाबूत होती.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण क्लासमध्ये ते कुणी घेत नसे. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना त्या इंग्रजी उतारे शिकवायच्या. कुठलाही उतारा असो, तो जाहिरातीचा असो की औषधाच्या बाटलीवरचा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: लेखकाचा हेतू काय? म्हणून मुलांनी त्यांना हेतूबाई करून टाकलं होतं. नवराही लाडात आला की तेच म्हणायचा.

फोनवर क्लासचे सर होते. हा क्लास त्यांचाच.

"मॅडम, लगेच या. परवाचा पेपर फुटला होता."

"फुटला? कुठला उतारा?"

"तिसरा," सर म्हणाले. "तुमचा."

२

'तुमचा' म्हणण्याचं कारण होतं. सराव परीक्षेतले पहिले दोन उतारे जुन्या पुस्तकांतून घेतलेले असत, पण तिसरा दर वेळी हेतूबाई स्वतः रचायच्या. पिटुकली झोपली की अर्धा-पाऊण तास मिळे, त्यात लिहायच्या. कॉलेजात असताना त्यांना पुस्तकं लिहायची होती. मग लग्न झालं, मग पिटुकली झाली, आणि लिहिणं म्हणून जे काही उरलं ते दोन महिन्यांतून एकदा, दहा मार्कांचं. कमी वाटेल ऐकणाऱ्याला. पण भाजी चिरतानासुद्धा त्यांच्या डोक्यात पुढचा उतारा शिजत असायचा.

शेजारच्या मावशींना हाक मारून, "उठली तर दूध द्या, तासाभरात आलेच," असं बजावून त्या निघाल्या.

क्लास दोन रस्ते पलीकडे, सायकलच्या दुकानाच्या माडीवर. जिना अरुंद, कठड्यावर मुलांच्या हातांचा तेलकट थर. सरांच्या खोलीत टेबलावर एकच कागद होता.

"सकाळी दाराच्या फटीतून सरकवलेला होता. वाचा."

कागदावर मोठ्या छापील अक्षरांत इंग्रजीत चार वाक्यं होती. सही नाही. मराठीत सांगायचं तर ती अशी: रोल नंबर चौदाचे तिसऱ्या उताऱ्याचे दहा मार्क धरू नयेत. तो उतारा तिने आधी वाचला होता. तो तिला कोणी दिलेला नाही. तिची काही तक्रार नसेल.

रोल नंबर चौदा म्हणजे कुजबुज. शेवटच्या बाकावरची मुलगी, इतकं हळू बोलायची की तिचं उत्तर ऐकायला अख्ख्या वर्गाला गप्प बसावं लागे. पहिल्या बाकावरच्यांनीच तिला ते नाव दिलं होतं. या वेळी शंभरात एक्याण्णव मिळवून ती पहिली आली होती. मोठ्या परीक्षेच्या खास तुकडीत एकच फुकट जागा होती आणि ती पहिल्या नंबरला मिळायची. यादी उद्या लागणार होती.

"तुम्ही तिला विचारलंत?"

"बोलावलं ना. विचारलं, आधी वाचला होतास का? हो म्हणाली. कुठे मिळाला? त्यावर गप्प. मी गोड बोललो, ओरडलो, पुन्हा गोड बोललो. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून शब्द नाही." सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे बघा मॅडम, मला काही हौस नाही. पण मिळवलेला पेपर म्हणजे कॉपी. आणि कॉपी म्हणजे नाव कमी. आपल्याकडूनही, आणि मी कळवलं की मोठ्या परीक्षेतूनही. संध्याकाळी सहापर्यंत तिनं सांगितलं नाही तर माझा नाइलाज आहे."

"आणि पेपर फोडला कुणी?"

सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तेच तर अवघड आहे. उतारा लिहिला तुम्ही. प्रती काढल्या ऑफिसातल्या काकूंनी. तिसरं माणूस यात नाहीच."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायला दहा मिनिटं होती.

३

ऑफिसातल्या काकू बाहेरच्या टेबलाशी ताठ बसल्या होत्या. रडून झालेलं होतं, आता रागाची पाळी होती.

"बावीस वर्षं झाली मला," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांत या कपाटाची किल्ली माझ्या गळ्यातून निघाली नाही. आंघोळीलासुद्धा! आणि आज सर मला विचारतात, काकू, जरा आठवून सांगा. काय आठवू? तुम्हीच टाइप केलंत माझ्यासमोर, मी प्रती काढल्या, गठ्ठा कपाटात. परीक्षेला घंटा झाली तेव्हा उघडला."

"माझा तुमच्यावर संशय नाहीये काकू."

"मग इथे का उभ्या आहात?"

हेतूबाईंनी कपाटाकडे पाहिलं. दारावर चिकटपट्टीने एक हत्ती लावलेला होता. निळा, सहा पायांचा.

"हा अजून आहे होय?"

काकूंचा चेहरा क्षणभर सैल झाला. "असणारच. तुमच्या छोट्या बाईसाहेबांनी बक्षीस दिलंय मला. शनिवारी येते ना तुमच्याबरोबर, कुणाला काय द्यायचं ते ठरवूनच येते. सायकलवाल्याला बदक मिळालंय. जा आता, ती पहिल्या बाकावरची महामाया खाली उभी आहे. तिलाच धरा. पत्र तिनंच टाकलंय, माझ्याकडून लिहून घ्या."

महामाया म्हणजे डिक्शनरी. अठ्ठ्याऐंशी मार्क, दुसरा नंबर. कुजबुजचे दहा मार्क गेले तर फुकट जागा हिचीच. म्हणजे फायदा उघड होता. सायकलच्या दुकानासमोर पोटाशी पुस्तकं धरून उभी होती ती, आणि हेतूबाई जिना उतरायच्या आतच सुरू झाली.

"मॅडम, सगळे माझ्याकडे असं बघतायत की मी खूनच केलाय! मी नाही लिहिलं ते."

"पत्राबद्दल तुला कसं कळलं?"

"काकू ओरडत होत्या ना, सगळं जिन्यापर्यंत येत होतं ऐकू. चार साधी वाक्यं आहेत म्हणे. साधी! मॅडम, मी लिहिलं असतं तर त्यात 'नेफेरियस' आला असता. 'क्लँडेस्टाइन' आला असता. चार वाक्यांत एकही अवघड शब्द नाही, हा माझा अपमान आहे."

हेतूबाईंना हसू आवरेना. खरंच होतं. या मुलीने आजारपणाच्या रजेच्या अर्जातसुद्धा 'एक्सक्रूशिएटिंग' घातला होता.

"तुला ती जागा हवी आहे ना?"

"हवी आहे," डिक्शनरी म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "खूप हवी आहे. पण मी तिच्यापेक्षा जास्त मार्क पाडून घेणार होते. आणि मॅडम, दहाच मार्क का? मला तिला पाडायचंच असतं तर मी म्हटलं असतं, पेपरच रद्द करा. पुरते शंभर."

ती निघून गेली, पण तिचा प्रश्न तिथेच राहिला. दहाच मार्क का?

४

रिकाम्या वर्गात बसून हेतूबाईंनी ते पत्र पुढ्यात ठेवलं. मग त्यांच्या मनात आलं, मी हे पत्र वाचतेय कशी? सरांनी त्यावर तक्रार असं लेबल लावलं, आणि मी तक्रार म्हणूनच वाचतेय. वर्गात कुणी असं केलं असतं तर मी खडू फेकून मारला असता.

त्यांनी ते उतारा म्हणून वाचायला घेतलं. मुलांना त्या तीन गोष्टी विचारायला लावायच्या. कुणाला लिहिलंय? वाचणाऱ्याने काय करावं असं लिहिणाऱ्याला वाटतं? आणि काय सांगायचं टाळलंय?

लिहिलंय सरांना. सरांनी काय करावं? शिक्षा करावी असं कुठे म्हटलेलं नाही. चौकशी करा, हाकला, असंही नाही. दहा मार्क धरू नका, इतकंच. जे तिचं नाही तेवढं नेमकं काढून घ्या, कणभर जास्त नको. हे चहाडी करणाऱ्याचं माप नव्हे. चहाडी करणारा ढोबळ बोलतो.

तिसरं वाक्य आणखी विचित्र. तो तिला कोणी दिलेला नाही. ज्याला पेपरफुटी उघडकीला आणायची आहे तो हे कशाला लिहील? तो तर म्हणेल, कुणी दिला ते शोधा! हे वाक्य शोध थांबवायला लिहिलेलं होतं. कुणाच्या तरी पुढे हात आडवा धरायला.

आणि चौथं. शी विल नॉट बी हॅविंग एनी कम्प्लेन्ट. त्या 'हॅविंग'चा वर्गातल्या निम्म्या मुलांना लळा होता, तेव्हा त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. पण अर्थ? तिची तक्रार नसेल. दुसऱ्याच्या मनातलं इतक्या खात्रीने कोण सांगतं? पहिला नंबर जाईल, जागा जाईल, आणि तरी तिची तक्रार नसेल, हे ठामपणे सांगू शकेल असं माणूस जगात एकच.

पत्र कुजबुजने लिहिलं होतं. स्वतःविरुद्ध.

हेतूबाईंनी कागद खाली ठेवला. म्हणजे ती मुलगी मार्क परत करायला निघाली होती. पण मग ती कुणाला लपवत होती? त्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ओढला, चौदा नंबरची काढली आणि तिसऱ्या उताऱ्याचं उत्तर पुन्हा वाचलं.

दुसऱ्याच ओळीवर त्यांचा हात थांबला.

५

उतारा असा होता. एक बाई आपलं शिवणयंत्र विकायला काढते आणि घेणाऱ्याला ते कसं चालवायचं ते लिहून देते. तेल इथे घालायचं. सुई अशी बसवायची. ओल आली की चाक अडतं, तेव्हा चिडायचं नाही, हलकी थापटी मारायची, चालतं. बस, एवढाच. प्रश्न: लेखिकेचा हेतू काय? बहुतेकांनी लिहिलं होतं, यंत्र वापरायच्या सूचना देणे. डिक्शनरीने तेच दीड पानभर लिहून चार मार्क मिळवले होते.

कुजबुजने लिहिलं होतं: ही बाई सूचना देत नाही, निरोप घेते आहे. चाकावर तिच्या आईच्या अंगठ्याने पडलेला खळगा आहे. तो ती कुणाला विकणार?

समासात हेतूबाईंच्याच अक्षरात लाल शाईने होतं, 'छान!' आणि दहापैकी दहा.

पण उताऱ्यात खळगा नव्हता. अंगठाही नव्हता.

त्यांनी छापील पेपर काढून शब्द न शब्द तपासला. नव्हताच. ती ओळ त्यांनी स्वतः खोडली होती. पहिल्या कच्च्या प्रतीत ती शेवटी होती, पण ती वाचल्यावर हेतू काय हे विचारायची गरजच उरत नव्हती. ती ओळ उत्तर ओरडून सांगत होती. म्हणून पक्की प्रत करताना त्यांनी ती गाळली. आणि तपासताना? तपासताना ती आपल्याच डोक्यात होती. मुलीच्या उत्तरात ती दिसली तेव्हा मनाने म्हटलं, बरोबर, आहे की. कोणत्याही परक्या तपासनिसाच्या लक्षात आलं असतं. लिहिणारीच्या आलं नाही.

मग पुढचं आपोआप सुटत गेलं. टाइप केली ती पक्की प्रत. काकूंनी कपाटात ठेवली तीही पक्कीच. म्हणजे काकू यातून पूर्ण सुटल्या. कच्ची प्रत क्लासमध्ये कधी आलीच नव्हती. ती घरी होती.

पेपर त्यांच्याच घरातून फुटला होता.

६

चार वाजून गेले होते. हेतूबाई घरी पोचल्या तेव्हा पिटुकली मावशींच्या मांडीवर दुधाच्या मिशा घेऊन बसली होती.

"आई, तू पळत आलीस?"

"हो गं. मला एक सांग, आपल्या कागदांचा गठ्ठा कुठे आहे? तुझा, चित्रांचा."

एका बाजूने लिहिलेले कागद पिटुकलीला द्यायचे, हा घरचा रिवाज होता. कोऱ्या बाजूवर तिचं राज्य. त्या रिवाजाचं हेतूबाईंना कौतुकच होतं. काटकसर होई आणि पोरगी तासभर गप्प बसे. पलंगाखालून गठ्ठा निघाला. त्यात हिशेबाची वही फाडलेली होती, जुने उतारे होते, वाण्याच्या याद्या होत्या. शिवणयंत्र नव्हतं.

"मोठ्या आडव्या कागदावर काही काढलं होतंस का तू? मागे माझं निळ्या पेनाने लिहिलेलं?"

पिटुकलीने डोळे बारीक केले. विचार करताना ती हुबेहूब बापासारखी दिसे. "जिराफ!"

"कुठे आहे तो?"

"दिला."

"कुणाला दिला, राणी?"

"ताईला. ती नाही का, मागे बसते? ती मला म्हणाली, तुझं चित्र छान आहे. पण ती इतकी हळू म्हणाली की मला दोनदा विचारायला लागलं. मग मी तिला दिलाच."

मावशी कौतुकाने हसल्या. हेतूबाईंनी लेकीच्या दुधाच्या मिशा पुसल्या.

७

कुजबुज सापडली सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्यांवर. घरी अजून सांगितलं नसावं, म्हणून घरी गेली नव्हती. हेतूबाई शेजारी बसल्या.

"जिराफ आहे तुझ्याकडे?"

मुलगी दचकली. मग तिने दप्तरातून व्याकरणाचं जाड पुस्तक काढलं आणि त्यातून चार घड्यांचा कागद. पिवळा जिराफ, जांभळे ठिपके. मान इतकी लांब की कागद संपला.

"मान वर गेली ना, म्हणून मी उलटून पाहिलं," ती म्हणाली. हेतूबाईंना वाकावं लागलं. "म्हटलं, डोकं मागे असेल."

डोकं मागेच होतं. निळ्या अक्षरांच्या अगदी शेवटी, अंगठ्याच्या ओळीला टेकलेलं.

"तो पेपरमधला आहे हे माहीत नव्हतं मला. खरंच नव्हतं. मला वाटलं, तुम्ही गोष्टी लिहिता. मी रोज वाचायचे. तीन आठवडे."

"रोज? का?"

"आवडायचा." तिने खांदे उडवले, जणू हे सांगायची गरजच नव्हती.

त्यांचं लिखाण आजवर कुणी पेन न घेता वाचलं नव्हतं. "पेपरात दिसल्यावर?"

"मला घाम फुटला. मग लिहिलं उत्तर. मग झोपच लागेना. ते मार्क माझे नव्हते."

"मला येऊन का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला सरांना सांगावं लागलं असतं. मग तुमची नोकरी..." ती थांबली. "आणि पिटुकलीला कुणी रागावलं असतं तर?"

"पत्रात तू लिहिलंस, कोणी दिला नाही."

"तिने जिराफ दिला. उतारा कुठे दिला?" त्या रडवेल्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी चमक आली. "ते वाक्य खरं आहे मॅडम. मी दहा वेळा तपासलं."

"तपासलंस खरं. पण सरांनी ते तक्रार म्हणून वाचलं."

"तुम्ही नका सांगू सरांना. मी पुढच्या वर्षी बसेन."

"नाव कमी झालं तर पुढच्या वर्षीही बसू देणार नाहीत तुला."

हे तिला माहीत नव्हतं. तरी ती पुटपुटली, "तरी नका सांगू."

हेतूबाई उठल्या. सहाला वीस मिनिटं कमी होती. गप्प बसलं तर काकूंवरचा संशय हळूहळू विरेल, आपल्यावरचाही. उतारे लिहायचं आपलं चालू राहील. फक्त वर्गातलं शेवटचं बाक रिकामं होईल.

"जिराफ दे," त्या म्हणाल्या. "आणि चल."

८

सरांनी सगळं ऐकून घेतलं. कागद उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे," ते म्हणाले, "माझा पेपर जिराफाने फोडला."

दाराबाहेरून काकूंच्या हसण्याचा फुसका आवाज आला आणि लगेच दाबला गेला.

"जिराफाने नाही, मी फोडला," हेतूबाई म्हणाल्या. "कच्ची प्रत फाडून टाकायची असते हा तुमचाच नियम आहे. मी ती मुलीला चित्रं काढायला दिली. आणि तपासताना पेपरात नसलेल्या ओळीला दहा मार्क दिले. दोन्ही चुका माझ्या. हिचं नाव कमी करायचं असेल तर आधी माझं करा."

सर कुजबुजकडे वळले. "हे सकाळीच का नाही सांगितलंस? मी किती ओरडलो तुझ्यावर."

ती काहीतरी म्हणाली. "मोठ्याने बोल बाळा," सर म्हणाले, आणि तिने पुन्हा सांगितलं. सकाळी चिडून विचारणारे सर आता जरा पुढे झुकून, कानामागे हात धरून ऐकत होते. ती म्हणत होती, "तुम्ही विचारलंत कुठे मिळाला. मी गप्प का ते नाही विचारलंत."

सरांनी पेनाचं टोपण काढलं.

"तिसरा उतारा सगळ्यांचा रद्द. उद्या सकाळी नऊला नवीन दहा मार्कांचा उतारा, सगळ्यांना. तो मी काढीन. नाव कुणाचंच कमी होणार नाही." मग हेतूबाईंकडे न बघता, "तुम्ही शिकवताय तसं शिकवत राहा मॅडम. पण यापुढे पेपरातले उतारे तुम्ही लिहू नका. मला तेवढं करावंच लागेल."

"हो," हेतूबाई म्हणाल्या.

जिना उतरताना काकू मागून आल्या. त्यांचा हात धरून तिसऱ्या पायरीपर्यंत आल्या आणि तशाच परत गेल्या.

९

सरांचा उतारा पाण्याच्या टाक्यांच्या देखभालीवर होता. त्यात लेखकाचा हेतू पाण्याच्या टाक्यांची देखभाल सांगणे हाच होता. जुने दहा वजा होऊन कुजबुजचे एक्याऐंशी राहिले होते, डिक्शनरीचे चौऱ्याऐंशी. नव्या उताऱ्यात एकीला आठ मिळाले, दुसरीला नऊ. दुपारी बारा वाजता यादी लागली आणि फुकट जागेपुढे डिक्शनरीचं नाव होतं.

डिक्शनरीने उड्या मारल्या नाहीत. यादीसमोर उभी राहून म्हणाली, "चार मार्कांनी. बरं झालं. एका मार्काने असतं तर मला आयुष्यभर टोचलं असतं." मग कुजबुजच्या हातात स्वतःची शब्दांची वही कोंबली. "उद्यापर्यंत. पानं दुमडायची नाहीत."

कुजबुज हसली, आणि तिच्या नेहमीच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तासाला हेतूबाईंनी तिला उत्तर विचारलं तेव्हा सगळा वर्ग कुणी न सांगता गप्प झाला.

घरी आल्यावर पिटुकलीने आईला बसवून घेतलं. मावशींकडून अर्धं आणि आईच्या फोनवरच्या बोलण्यातून अर्धं, असं तिच्या कानावर बरंच आलं होतं, आणि आता तिला ते नीट, पहिल्यापासून हवं होतं. हेतूबाईंनी सांगितलं. भेंडीची डेखं काढता काढता, तिला कळेल अशा बेताने सांगितलं. जिराफाची मान, मागचं लिहिलेलं, पत्र. ताईने ते पत्र का लिहिलं, हेही सांगितलं. किती सरळ मुलगी, स्वतःचे मार्क स्वतःच परत केले.

"मार्क तिचे नव्हते म्हणून?"

"हो."

"पेपर दिसला तेव्हाच तिला कळलं होतं? की हे आपण वाचलंय?"

"हो, तेव्हाच."

पिटुकलीने एक डेख उचललं, त्याची टोपी बोटावर घातली आणि ते बोट वाकवून पाहिलं.

"मग आई," ती म्हणाली, "आधी तिने उत्तर का लिहिलं?"

हेतूबाईंच्या हातातली सुरी थांबली. पत्राचा हेतू त्यांनी चार वाक्यांत शोधला होता. त्या उत्तराचा हेतू मात्र विचारलाच नव्हता; वाचनालयाच्या पायऱ्यांवर मुलगी म्हणाली होती 'मग लिहिलं उत्तर', आणि त्यांनी ते तसंच जाऊ दिलं होतं.

"सांग ना," पिटुकली म्हणाली. "का लिहिलं?"